मोठ्या मोटारी, त्यांचे ब्रेक आणि त्यांचे हौशी

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पिवळ्या रंगाची एक जुनी रोल्स-रॉइस मोटार जतन केलेली आहे. ‘सिल्व्हर घोस्ट’ जातीची ही गाडी १९१२ सालची असून तिचे अंग लंडनच्या बार्कर या प्रसिद्ध कारागीर पेढीने बांधलेले आहे. आत सिंहासनासारखे उंच आसन आहे, आणि तेवढ्यावरूनच तिला ‘तख्ताची मोटार’ म्हणून जगभरचे शौकीन ओळखतात. पाहणाऱ्यांची नजर साहजिकच त्या आसनावर आणि पितळी लखलखाटावर जाते. पुढच्या चाकांपाशी वाकून पाहणारा विरळा. त्याने पाहिले, तर त्याला तिथे ब्रेक दिसणार नाहीत. एवढ्या मोठ्या गाडीचा सारा वेग आवरण्याचे काम मागच्या अंगाकडे सोपवलेले होते.

ही काही त्या एका गाडीची उणीव नव्हे. त्या काळी अगदी थोडे अपवाद सोडले, तर युरोप-अमेरिकेतील सर्वच मोटारींची हीच तऱ्हा होती. मोटार पळवण्याची विद्या माणसाने झपाट्याने हस्तगत केली. तिला थांबवण्याची विद्या मात्र मागून, रखडत आणि वादविवाद करीत आली. मोटार जितकी मोठी आणि जड, तितका हा मागासलेपणा अधिक जिवावर बेतणारा. म्हणून ब्रेकचा इतिहास पाहायचा तर तो मोठ्या मोटारींच्या संगतीने पाहावा लागतो. त्या मोटारींवर जीव लावणाऱ्या हौशी मंडळींचा इतिहासही त्यातच गुंतलेला आहे.

प्रारंभ घोडागाडीपासून झाला. चाकाच्या धावेवर लाकडी ठोकळा दाबायचा, एवढाच तो प्रकार. आपल्याकडे घाट उतरताना गाडीवान हेच करीत. कार्ल बेंझ यांच्या तीनचाकी मोटारीवरही याहून फारसे निराळे काही नव्हते. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात त्यांच्या पत्नी बर्टा बेंझ दोन मुलांना सोबत घेऊन मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरावर, त्या गाडीने गेल्या. वाटेतील उतारांवर ब्रेकचे लाकूड झिजले, तेव्हा त्यांनी एका गावच्या चर्मकाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. ब्रेकचे पहिले लायनिंग एका गृहिणीच्या प्रसंगावधानातून आणि चर्मकाराच्या खिळ्यांतून जन्माला आले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड यांनी पावसात घसरणाऱ्या लाकडी ठोकळ्यांवर उपाय शोधला आणि १८९७ पासून त्यांचा ‘फेरोडो’ उद्योग उभा राहिला. प्रथम डांबरात भिजवलेले सुती पट्टे, आणि लवकरच उष्णता सोसणारे ॲस्बेस्टॉस. या शेवटच्या शब्दाकडे पुन्हा यावे लागेल. १९०२ साली लुई रेनो यांनी ड्रमच्या आतून बाहेर दाबल्या जाणाऱ्या शूंचा ब्रेक प्रचारात आणला. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी धातूच्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. हाच आजचा डिस्क ब्रेक. परंतु तांब्यावर धातू घासून जी किंचाळी उठे ती सोसवेना, आणि लँचेस्टरांची कल्पना जवळजवळ अर्धशतक अडगळीत पडली. कल्पना योग्य असूनही साहित्य तयार नसले, म्हणजे काय होते त्याचे हे नमुनेदार उदाहरण होय.

मग पुढच्या चाकांना ब्रेक लावण्यास एवढा उशीर का झाला? कारण भीती. पुढची चाके दिशा देणारी. ती अडली तर सुकाणूच हातचे जाईल, गाडी कोलांटी खाईल, असे भलेभले अभियंते मानीत. ही भीती अगदीच निराधार नव्हती. त्या काळी ब्रेकची ओढ लोखंडी दांड्यांनी आणि तारांनी पोहोचवली जाई. एका बाजूची तार किंचित आखूड असली की गाडी त्या बाजूला ओढली जाई. तथापि या भीतीत एक मोठी गोष्ट नजरेआड झाली होती. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो. बसमधल्या उभ्या प्रवाशांना हे सांगावे लागत नाही. मागची चाके त्या क्षणी हलकी होतात, आणि हलके चाक रस्त्याला धरून राहत नाही. म्हणजे थांबवण्याचे सगळे काम नेमक्या त्या चाकांकडे दिले होते, जी ऐन वेळी ते करण्यास सर्वांत कमी समर्थ होती.

ही कोंडी डौलाने फोडली ती हिस्पानो-सुइझा या मोटारीने. मार्क बिर्किग्ट हे स्विस अभियंते. त्यांची कारकीर्द बार्सिलोना आणि पॅरिस येथे बहरली. १९१९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी एच-६ ही प्रचंड मोटार मांडली. तिच्या चारही चाकांना ब्रेक होते. इतकेच नव्हे, तर गाडीच्या चालत्या यंत्राचीच शक्ती उसनी घेऊन ते दाबले जात. चालकाच्या पायाने केवळ इशारा द्यायचा, बाकीचा जोर गाडीने स्वतःच स्वतःवर लावायचा. ही युक्ती इतकी नामी होती की रोल्स-रॉइससारख्या मानी कंपनीनेही ती परवान्याने घेतली, आणि १९२४ पासून तिच्या मोठ्या गाडीला पुढच्या चाकांचे ब्रेक मिळू लागले.

अमेरिकेत याच सुमारास निराळाच तमाशा झाला. रिकनबॅकर या कंपनीने १९२३ मध्ये चारही चाकांना ब्रेक दिले, तेव्हा ज्या कारखानदारांच्या गोदामांत दोन ब्रेकांच्या गाड्या पडून होत्या, त्यांनी हे ब्रेक धोकादायक असल्याचा प्रचार चालवला. रिकनबॅकर १९२७ मध्ये बुडाली. प्रचार करणारे मात्र तोवर स्वतःच चार ब्रेक लावू लागले होते. त्या दिवसांत नव्या गाडीच्या पाठीवर लाल त्रिकोण लावण्याची प्रथा होती. मागून येणाऱ्याला तो सूचना देई, की ही गाडी तुझ्यापेक्षा लवकर थांबेल, अंतर राखून चाल. ब्रेक चांगले असणे हाच मागच्याला धोका वाटावा, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

दांड्या आणि तारा यांचा असमान ताण मात्र राहिलाच होता. तो मिटवला द्रवाने. बंद नळीतील द्रवावर एका टोकाशी दाब दिला, की तो सर्व टोकांशी सारखाच पोहोचतो, हे पास्कालचे तत्त्व शाळेतल्या मुलालाही पाठ असते. ते मोटारीच्या ब्रेकला लावून दाखवले मॅल्कम लॉकहीड यांनी. विमानांमुळे विख्यात झालेल्या लॉकहीड बंधूंपैकीच हे एक. त्यांची योजना १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांवर आली. त्याच वर्षी ल मान्स येथील फ्रेंच ग्रां प्री शर्यत जिमी मर्फी यांनी ड्यूसेनबर्गने जिंकली, तेव्हा वळणांपूर्वी उशिरा ब्रेक दाबण्याची तिची ताकद युरोपियनांच्या डोळ्यांत भरली. प्रथम या योजनेत कातडी वाट्यांमधून द्रव पाझरत असे. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी रबरी सील बसवले आणि १९२४ च्या क्रायस्लरने हे ब्रेक मध्यमवर्गाच्या दाराशी आणले. हेन्री फोर्ड तेवढे पोलादी दांड्यांवर विश्वास ठेवून बसले. त्यांच्या गाडीला १९३९ पर्यंत थांबावे लागले.

इंदूरकरांना ड्यूसेनबर्ग हे नाव अपरिचित नसावे. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३५ मध्ये याच कारखान्याची एसजे जातीची मोटार घेतली होती, आणि तिचे अंग लंडनच्या गर्नी नटिंग पेढीने बांधले होते. ती पुढे परदेशी संग्रहात गेली. ड्यूसेनबर्गच्या जे मालिकेत एक मौजेची सोय आढळते. ब्रेकला मिळणारी यांत्रिक मदत किती असावी हे ठरवण्यासाठी चालकापुढे एक खटका असे, आणि त्यावर कोरडा रस्ता, पाऊस, हिम आणि बर्फ असे चार टप्पे असत. रस्ता निसरडा होण्यापूर्वी चालकानेच अंदाज घेऊन खटका फिरवायचा. हेच काम पुढे यंत्राने क्षणाक्षणाला आपल्या आपण करावे यासाठी १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास या मोठ्या सेडानवर बॉश कंपनीची चाक अडू न देणारी विद्युत्-योजना आली.

तिसऱ्या दशकानंतर उघड्या मोटारी मागे पडल्या आणि काचेच्या खिडक्यांची, पोलादी छपराची बंदिस्त सेडान सर्वत्र झाली. आराम वाढला, त्याबरोबर वजनही वाढले. इथे थोडा हिशेब केला पाहिजे. दोन टन वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबवली, तर ब्रेकमध्ये जी उष्णता जमते तिने सुमारे अडीच लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला येईल. वेग निम्मा केला, तर ही उष्णता चौथ्या हिश्शावर येते. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करीत नाही. तो त्याची उष्णता करतो, आणि ती हवेत सोडण्याचे काम त्याला करावे लागते. ड्रम ब्रेक इथेच उणा पडतो. उष्णता डब्यात कोंडते, ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर सरतो, लायनिंगची पकड मंदावते. लांब घाट उतरताना पेडल खाली खाली जाते आणि गाडी ऐकेनाशी होते. याला ब्रेक ‘विरणे’ म्हणतात. खंडाळ्याच्या घाटात जुने ड्रायव्हर खालचा गिअर टाकून उतरत, ते याच कारणासाठी.

अडगळीत पडलेली लँचेस्टरांची चकती या अडचणीने पुन्हा बाहेर काढली. विमानांच्या चाकांवर ती आधीच स्थिरावली होती. डनलॉप आणि जॅग्वार यांनी मिळून ती शर्यतीच्या मोटारीवर चढवली. १९५२ मध्ये रीम्स येथे स्टर्लिंग मॉस यांनी तिच्या बळावर शर्यत जिंकली, आणि १९५३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार पहिली आली. ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी त्या शर्यतीत प्रथमच नोंदवली गेली. प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे दुबळी नव्हती. परंतु दर फेरीला लांब सरळ रस्त्याच्या शेवटी त्यांच्या तापलेल्या ड्रमांना आधीच नमते घ्यावे लागे.

तरीही घरगुती मोठ्या सेडानला हे दान सहज मिळाले नाही. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९५५ मध्ये डीएस या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क दिल्या. खुद्द जॅग्वारने मात्र फेब्रुवारी १९५७ मध्ये ताशी १२० मैल पळणारी ३.४ लिटरची सेडान बाजारात आणली ती ड्रम ब्रेकसह! टीका झाली, आणि त्याच वर्षी डिस्क मागणीनुसार मिळू लागल्या. १९५८ च्या मार्क नाइनवर त्या चारही चाकांना नेहमीच्या म्हणून आल्या. रोल्स-रॉइसने तर आवाजाच्या धास्तीने १९६५ च्या सिल्व्हर शॅडोपर्यंत वाट पाहिली. वेग आधी विकायचा आणि थांबण्याची सोय मागून द्यायची, ही कारखानदारीची जुनी खोड इथेही दिसते.

या सर्व घडामोडींत वापरणाऱ्यांच्या मंडळांचा भाग काय? प्रथम मंडळे निघाली ती मोटारीला रस्त्यावर जागा मिळवण्यासाठी. पॅरिसचा क्लब १८९५ चा, ब्रिटनचा १८९७ चा. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ साली स्थापन झाली. एकाच जातीच्या गाडीवर प्रेम करणाऱ्यांचे संघ हे त्यानंतरचे. कारखाने बंद पडले किंवा जुन्या नमुन्यांचे सुटे भाग करीनासे झाले, तेव्हा ते निघाले. बेंटली मालकांचा क्लब १९३६ मध्ये, जुन्या रोल्स-रॉइसच्या जतनासाठी ‘ट्वेंटी-घोस्ट क्लब’ १९४९ मध्ये, जॅग्वार चालकांचा १९५६ मध्ये. भारतात ‘स्टेट्समन’ पत्राने १९६४ मध्ये दिल्लीत जुन्या मोटारींचा मेळावा सुरू केला. जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले, ते पाहिलेल्या गुजरातेतील मराठी मंडळींना या हौसेची व्याप्ती निराळी सांगावयास नको.

अशा मंडळात नवा सभासद येतो तो बहुधा रंग, क्रोम आणि कातडी गाद्या यांच्या मोहाने. जुने सभासद त्याला प्रथम विचारतात ते ब्रेकविषयी. आणि इथेच या मंडळांतला सर्वांत जुना वाद सुरू होतो. गाडी जशी घडवली गेली तशीच राखावी, की आजच्या रहदारीत ती सुरक्षित थांबेल असे बदल करावेत? एक पक्ष म्हणतो, ड्रम काढून डिस्क लावली की इतिहासाचा एक पुरावा पुसला जातो. दुसरा पक्ष म्हणतो, रस्त्यावरच्या पादचाऱ्याला त्या पुराव्याशी कर्तव्य नाही. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु कारखान्यांनी स्वतःच आपल्या गाड्यांवर पुढचे ब्रेक आणि डिस्क मागाहून चढवल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे पहिल्या पक्षाचा फार कडवा आग्रह टिकत नाही. जुन्या मोटारींच्या मंडळांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये मान्य केलेली ‘ट्युरिन सनद’ यातून मध्यम मार्ग काढते. सुरक्षिततेसाठी बदल करावा लागला तर तो बेताचा असावा, पुन्हा मूळपदावर नेता येण्याजोगा असावा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत, असे तिचे सांगणे आहे.

मंडळांतील अनुभवी फिटरांचे मत मात्र बरेचदा या वादाच्या अलीकडेच थांबते. त्यांच्या मते, ‘ब्रेक कमी पडतात’ अशी तक्रार असलेल्या जुन्या गाडीचे ब्रेक पुष्कळदा मुळात सुस्थितीतच नसतात. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते. ताजे साधे तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेले १४० अंशांच्या आसपास उकळू शकते, आणि नळीत वाफ झाली की पेडल पोकळ लागते. म्हणून ते तेल वर्षा-दोन वर्षांनी बदलायचे. रबरी नळ्या बाहेरून शाबूत दिसून आतून सुजलेल्या असतात. एका चाकाची नळी बंद झाली की गाडी एका अंगाला ओढते. नवे लायनिंग ड्रमच्या गोलाईशी जुळवून घेतले नाही तर ते टोकांवरच टेकते. एवढे केले तरी जड सेडान आश्चर्य वाटावे इतकी सुधारते, आणि इतिहासाचा एक खिळाही हलत नाही.

व्हॅक्यूम-सर्वो बसवण्याविषयीही गैरसमज फार. सर्वोने पायाचे श्रम वाचतात. उष्णता सोसण्याची शक्ती तसूभरही वाढत नाही. घाटात विरणारा ड्रम सर्वो लावल्यानेही विरतोच, उलट चालकाला त्याची चाहूल उशिरा लागते. डिस्कचे पाऊल खरे. पण तिथेही हिशेब आहे. ड्रममध्ये फिरणारा ड्रम शूला स्वतःकडे ओढून घेतो आणि दाब आपोआप वाढतो. चकतीला ही फुकटची मदत नाही, म्हणून तिला अधिक दाब, बहुधा सर्वो आणि जुळणारा मास्टर सिलिंडर लागतो. पुढे बलवान डिस्क लावून मागचे तसेच ठेवले तर पुढची चाके आधी अडतात, नेमकी १९२० च्या अभियंत्यांना जिची धास्ती होती ती गोष्ट. आणि टायरची पकड संपली म्हणजे कोणताही ब्रेक निरुपयोगी, हे गुळगुळीत झालेल्या जुन्या टायरांवर हजारो रुपयांच्या डिस्क चढवणाऱ्यांना समजावून सांगावे लागते.

आपल्याकडे बहुतेकांच्या परिचयाची मोठी सेडान म्हणजे अँबेसेडर. ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून ती घेतली, ती विलायतेत मध्यम आकाराची गणली जाई. आपल्या रस्त्यांवर तीच ऐसपैस ठरली. १९५७ च्या सुमारास सुरू होऊन २०१४ मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यातून तिचे उत्पादन थांबले. सुरुवातीच्या गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते, सर्वो नव्हता. आता तिचेही हौशी आहेत, आणि त्यांच्यापुढे हेच सारे प्रश्न आहेत.

त्यांतील एक प्रश्न फ्रूड यांच्या ॲस्बेस्टॉसचा. जुन्या ड्रममध्ये साचलेली करडी धूळ पूर्वी गॅरेजमध्ये तोंडाने किंवा हवेच्या नळाने फुंकून काढत. तिच्यातले तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि दशकांनंतर कर्करोगाच्या रूपाने उभे राहतात. ब्रिटनने १९९९ मध्ये या द्रव्यावर पूर्ण बंदी घातली. जुना ड्रम उघडताना धूळ ओल्या फडक्याने टिपावी, फुंकू नये, आणि नवे लायनिंग ॲस्बेस्टॉसविरहितच घ्यावे, ही सूचना चांगली मंडळे आज नव्या सभासदाला सर्वांत आधी देतात.

दुसरा प्रश्न एकेरी नळीचा. साठीपूर्वीच्या बहुतेक गाड्यांत एकच मास्टर सिलिंडर चारही चाकांना दाब देतो. एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात आणि हातब्रेक तेवढा उरतो. कॅडिलॅकने १९६२ मध्ये पुढची आणि मागची चाके निरनिराळ्या दाबावर ठेवून यावर उपाय केला, आणि पुढे तो सार्वत्रिक झाला. जुन्या सेडानमध्ये हा दुहेरी सिलिंडर बसवला, तर तो बाहेरून सहसा दिसतही नाही. मूळ रूपाविषयी अतिशय कडक असलेले सभासदही या एका बदलाला फारसा विरोध करीत नाहीत. जुना सिलिंडर स्वच्छ करून, ग्रीस लावून, गाडीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधून फळीवर ठेवला, की दोन्ही पक्षांचे समाधान होते.